सी लाल, डी रिकामी : सामान हलवण्याचा एक छोटा इतिहास

(या भागात बोललेला मजकूर वाचायला सोपा जावा म्हणून थोडा नीट करून इथं देतोय.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, अरे हा काय इतिहास झाला? पण थांबा. तुमच्या फोनवर "स्टोरेज फुल" असं कधी आलंय का? आलंच असणार. त्या एका ओळीमागे पन्नासेक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात माझी स्वतःची एक चूक पण आहे. ती शेवटी सांगतो.

सुरुवात करू चिमूरपासून. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण घर चिमूरचं. हो, तेच, चंद्रपूर जिल्ह्यातलं, ताडोब्याच्या अंगाला असलेलं. यंदा पोळ्याला घरी गेलो होतो. तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या चुलत भावाचा फोन. त्याला मी दादा म्हणतो. त्याचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे.

"अबे, झोपून काय राहिला? दुकानात ये लवकर. स्कॅन सेव्हच नाही होऊन राहिलं."

गेलो. दुकानासमोर दहा-बारा पोरं-पोरी कागद घेऊन उभी. स्कॉलरशिपच्या फॉर्मची मुदत संपायला दोन दिवस. आणि दादाच्या पीसीवर सी ड्राइव्हची पट्टी लालभडक. एकशेअकरा जीबीपैकी साडेसहाशे एमबी शिल्लक. खाली डी ड्राइव्ह, एक टीबीची, आठशे जीबी रिकामी!

दादानं विचारलेला प्रश्न एकदम बरोबर होता. "काहून बे, एवढी जागा पडून आहे तिकडे, तर हा इकडेच काहून कोंबून राहिला सगळं?"

हाच आजचा प्रश्न. मशीन सगळं सी मध्येच का कोंबतं?

तर आधी हे सी नाव कुठून आलं ते बघू. ए आणि बी कुठं गेले? आयबीएमनं आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला 12 ऑगस्ट 1981 ला. त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. होत्या फ्लॉपी. पहिली फ्लॉपी ए, दुसरी बी. एका फ्लॉपीत मावायचे 160 केबी. आज व्हॉट्सॲपवर आलेला गुड मॉर्निंगचा एक फोटो सुद्धा त्यात कदाचित मावणार नाही. एका फ्लॉपीत प्रोग्राम, दुसरीत तुमचा डेटा. म्हणजे बघा, सुरुवातीला प्रोग्राम आणि सामान वेगवेगळंच राहायचं, कारण दोन्ही एकत्र मावतच नव्हतं.

मग मार्च 1983 मध्ये आयबीएमनं पीसी एक्सटी आणला. त्यात 10 एमबीची हार्ड डिस्क. ए आणि बी ही नावं फ्लॉपींनी अडवलेली, म्हणून डिस्कला मिळालं सी. पुढं फ्लॉपी गेल्या, पण सी चं नाव तसंच राहिलं. आपल्याकडं घर पाडून बिल्डिंग झाली तरी लोक "पाटलाचा वाडा" म्हणतात ना, तसंच. आणि एकदा डिस्क आली की सिस्टम, प्रोग्राम, कागदपत्रं, सगळं एकाच ठिकाणी जायला लागलं. सवय तिथं लागली.

पण जागा संपली की सामान दुसऱ्या डिस्कवर हलवायचं, ही गोष्ट पीसीच्या कितीतरी आधीची आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 1969 पासून युनिक्स बनवायला घेतलं. पुढं ते पीडीपी-11 नावाच्या मशीनवर आले. तिथं एकेका डिस्कची जागा अवघी काही एमबी. एका डिस्कवर सिस्टम, आणि वापरणाऱ्या माणसांच्या फायली वेगळ्या डिस्कवर. तिचं नाव यूएसआर, म्हणजे यूजर. सिस्टमची डिस्क भरत गेली तसे प्रोग्राम पण या यूएसआर मध्ये जाऊन बसले. पुढं माणसांच्या फायलींना वेगळं घर मिळालं. पण प्रोग्राम जे तिथं घुसले ते घुसलेच. आज कुठलाही लिनक्स सर्व्हर उघडा, बहुतेक प्रोग्राम यूएसआर मध्येच सापडतील. उलट काही लिनक्समध्ये आता जुनी जागा ही फक्त नव्या जागेकडं बोट दाखवणारी पाटी झालीय. फेडोरानं हे 2012 मध्ये केलं.

ही पाटी म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. समजा गांधी चौकातलं एक दुकान बाजारपेठेत हललं. मालकानं जुन्या शटरवर कागद चिकटवला, "आमचे दुकान स्थलांतरित झाले आहे", खाली नवा पत्ता. गिऱ्हाईक जुन्याच पत्त्यावर येतं, कागद वाचतं, नव्या जागी जातं. कॉम्प्युटरमध्ये फरक इतकाच की हे इतक्या गुपचूप होतं की गिऱ्हाईकाला, म्हणजे प्रोग्रामला, कळतच नाही आपण दुसरीकडं आलो ते. याला सिम्बॉलिक लिंक म्हणतात. बर्कलेच्या युनिक्समध्ये, 4.2 बीएसडी मध्ये, ती 1983 ला आली. म्हणजे ज्या वर्षी पीसीवर सी ड्राइव्ह भरायला सुरुवात झाली, त्याच वर्षी तिकडं युनिक्सवाल्यांना ती रिकामी करायची युक्ती मिळाली होती. विंडोजपर्यंत ही युक्ती यायला मात्र बरीच वर्षं लागली.

विंडोजचं काय झालं? सुरुवातीला प्रोग्राम आपली सेटिंग आपल्याच फोल्डरमध्ये, नाहीतर थेट विंडोजच्या फोल्डरमध्ये लिहून ठेवायचे. घरात एकच माणूस, एकच कॉम्प्युटर, चालून जायचं. पण ऑफिसात एक मशीन चार जण वापरायला लागले. तुझं सेटिंग वेगळं, माझं वेगळं. शिवाय साध्या वापरणाऱ्यानं सिस्टमच्या फोल्डरमध्ये लिहिणं धोक्याचं. म्हणून विंडोज 2000 मध्ये प्रत्येकाच्या नावाचं फोल्डर, आणि त्यात ॲप्लिकेशन डेटा असं लपवलेलं एक फोल्डर, अशी घडी बसली. व्हिस्टामध्ये त्याचंच नाव झालं ॲपडेटा. आत तीन खोल्या : लोकल, लोकल-लो आणि रोमिंग. रोमिंग म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कमध्ये तुम्ही दुसऱ्या मशीनवर बसलात तर तुमच्याबरोबर यावं असं सामान. लोकल म्हणजे याच मशीनवर राहणारं.

हेतू चांगलाच होता. पण हे फोल्डर लपलेलं, आणि सी वर. ब्राउझरची कॅश, चॅटिंगचे फोटो, एडिटिंग ॲपच्या तात्पुरत्या फायली, फोनचे बॅकअप, सगळं तिथं साचत जातं आणि तुम्हाला दिसत नाही. घरातला माळा असतो ना, तसं. वर कोण चढतं?

गंमत म्हणजे पाटीची युक्ती विंडोज 2000 मध्येच आली होती. नाव जंक्शन. आणि व्हिस्टापासून ती बनवायला एम-के-लिंक नावाची कमांड मिळाली. खुद्द मायक्रोसॉफ्टनं ती वापरली. एक्सपीच्या काळात "डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज" नावाचं फोल्डर असायचं, व्हिस्टात ते "यूजर्स" झालं. पण जुने प्रोग्राम जुनाच पत्ता विचारणार. मग त्यांनी जुन्या नावाची पाटी लावून ठेवली. आजही ती आहे.

आता आपल्याकडं या. मी शाळेत असताना कॉम्प्युटर क्लासचे सर पहिल्याच दिवशी सांगायचे, "सी वर काही ठेवू नका. फॉरमॅट मारला की गेलं." म्हणून असेंबल केलेल्या प्रत्येक पीसीला सी, डी, ई असे भाग पाडलेले असायचे. सल्ला चांगला, पण अर्धा. चिमूरसारख्या गावात डीटीपीवाल्यांना तो नडला. लग्नपत्रिका, निवेदनं, शाळेच्या प्रश्नपत्रिका असायच्या कृतिदेव, श्रीलिपी असल्या फॉन्टमध्ये. हे फॉन्ट युनिकोडच्या आधीचे. आत साठवलेली असायची इंग्रजी अक्षरंच, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप द्यायचा. फाइल डी वर सुखरूप, पण फॉन्ट सी वरच्या विंडोजच्या फोल्डरमध्ये. सी फॉरमॅट झाली की फॉन्ट गेला, आणि डी वरची पत्रिका उघडली की नुसतं इंग्रजी अक्षरांचं खिचडं. दादा सांगतो, असल्या पत्रिका त्यानं रात्र रात्र बसून पुन्हा टाइप केल्यात.

म्हणजे फाइल हलली, पण तिला ज्याची गरज होती ते मागं राहिलं. हे लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

मधल्या काळात हार्ड डिस्क मोठ्या होत गेल्या आणि सगळे ही काळजी विसरले. मग एसएसडी आली. वेगवान, पण महाग, म्हणून लोकांनी 120 जीबीची छोटी घेतली. विंडोज तिच्यावर, बाकी जुन्या हार्ड डिस्कवर. दादानं पण तीन वर्षांपूर्वी तेच केलं, जुनी सी जशीच्या तशी एसएसडीवर उतरवली. आणि आपण परत तिथंच आलो, छोटी सी, मोठी डी.

तर त्या दिवशी दुकानात काय केलं ते सांगतो. ऐकता ऐकता लिहून घ्यायची गरज नाही, म्हणून तर हा मजकूर आहे.

पहिलं, सेटिंगमध्ये स्टोरेज उघडून जागा कुणी खाल्ली ते पाहिलं. डाउनलोड्समध्ये एकतीस जीबी. डेस्कटॉपवर नऊ. ॲपडेटात बावीस. नुसत्या तात्पुरत्या फायली काढल्या तेव्हाच चार जीबी सुटले आणि स्कॅनर सुरू झाला. पोरांची लाइन हलली. घाईचं काम झालं.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून बाकीचं केलं. डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हलवायला कुठली युक्ती लागत नाही. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथं लोकेशन नावाचा टॅब, नवी जागा द्यायची. फक्त थेट डी देऊ नका. डी मध्ये आधी "डाउनलोड्स" नावाचं फोल्डर बनवा आणि ते द्या, नाहीतर सगळा पसारा होतो. ब्राउझर, एडिटिंगचे प्रोग्राम, यांच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये पण कॅश किंवा डाउनलोडची जागा बदलता येते का ते आधी बघा. स्टोअरवरून घेतलेल्या ॲपना सेटिंगमध्येच "मूव्ह"चं बटण असतं. ते असेल तर तेच वापरा.

पाटी लावायची वेळ सगळ्यात शेवटी. दादाकडं फोनचा बॅकअप घेणारा एक प्रोग्राम होता, चौदा जीबी खाऊन बसलेला, आणि त्यात जागा बदलायची सोयच नव्हती. मग प्रोग्राम पूर्ण बंद केला. ते एक फोल्डर डी वर कॉपी केलं. कट नाही, कॉपी. मोजून पाहिलं, फायली तितक्याच आहेत का. जुन्या फोल्डरच्या नावापुढं "जुना" लावलं. कमांड प्रॉम्प्टमध्ये एम-के-लिंक, स्लॅश जे, मग जुना पत्ता, मग नवा पत्ता. प्रोग्राम उघडला, बॅकअप दिसला. तरी "जुना" फोल्डर लगेच उडवला नाही. दादाला म्हटलं, आठ दिवस वापर, मग काढ.

आणि काय करायचं नाही? अख्खा ॲपडेटा उचलून हलवायचा नाही. विंडोज आणि प्रोग्राम फाइल्स या फोल्डरला हात लावायचा नाही. पेनड्राइव्हकडं पाटी लावायची नाही, कारण पेनड्राइव्ह काढला की पाटी आहे पण दुकान नाही.

एक गोष्ट मात्र हलवण्याऐवजी काढूनच टाकली. डाउनलोड्समध्ये गावभरातल्या लोकांचे आधार, सातबारा, बँकेची पासबुकं पडून होती, सात-आठ वर्षांची. लोक फॉर्म भरून गेले, त्यांचे कागद दादाच्या मशीनवर राहिले. डी वर भरपूर जागा आहे म्हणून हे पण तिकडं ढकलणं सोपं होतं. पण दुसऱ्याचं सामान आपण कशाला सांभाळायचं? दादा आधी म्हणाला, "राहू दे ना, कामी येते." मग स्वतःच म्हणाला, "नाही बाप्पा, काढ. उद्या मशीन चोरीला गेलं तर?" ते एक एक बघून काढत बसलो. का ते सांगतो, पण त्याआधी माझी चूक.

फोनमध्ये पण हाच सगळा इतिहास घडलाय, फक्त भरभर. 2008 मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनमध्ये स्टोरेज होतं 256 एमबी. म्हणून मे 2010 ला अँड्रॉइड 2.2 मध्ये "मूव्ह टू एसडी कार्ड" आलं. आमच्या वयाच्या सगळ्यांनी ते बटण दाबलंय. मग 2015 मध्ये अँड्रॉइड 6 नं आणखी पुढची सोय दिली. एसडी कार्ड फोनच्याच मेमरीचा भाग करून टाकायचं. पण यात एक मेख होती. असं कार्ड एन्क्रिप्ट होतं, आणि त्याची किल्ली राहते फोनच्या आत. कार्ड दुसऱ्या कुठल्याही फोनमध्ये घाला, वाचता येत नाही. सुरक्षेसाठी हे योग्यच आहे. सेटअप करताना तशी सूचना पण येते. मी ती वाचली नव्हती.

2017 ची दिवाळी. मी बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला. माझी आजी तेव्हा ब्याऐंशीची. चिमूरच्या माणसाला 16 ऑगस्ट 1942 सांगावा लागत नाही. तो नागपंचमीचा दिवस, मोर्चा, गोळीबार, त्यात बालाजी रायपूरकर हा कोवळा पोरगा शहीद झाला, इंग्रजांचे अधिकारी मारले गेले, आणि मग गावात फौज आली. पुढं भन्साळींनी चिमूरच्या अत्याचारांच्या चौकशीसाठी केलेलं उपोषण. हे सगळं पुस्तकांत आहे. पण आजी त्या वेळी सात वर्षांची होती, आणि तिच्या आईनं तिला धानाच्या कोठीमागं बसवून तोंडावर हात ठेवला होता, हे कुठल्याच पुस्तकात नाही. मी पाऊण तास तिला बोलतं केलं आणि फोनवर रेकॉर्ड केलं. फोन आठ जीबीचा, नेहमी भरलेला. कार्ड मी नुकतंच आतल्या मेमरीला जोडलं होतं. रेकॉर्डिंग तिकडं गेलं. मी खूश, जागा झाली.

पुढच्या पावसाळ्यात फोन भिजला आणि बंद पडला तो कायमचा. मी निवांत होतो. म्हटलं, कार्ड तर ठीक आहे ना! दुसऱ्या फोनमध्ये घातलं, तर तो म्हणाला, फॉरमॅट करा. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, भाऊ, कार्डात सगळं आहे, पण किल्ली त्या मेलेल्या फोनमध्ये आहे. पत्रिकेचा फॉन्ट सी वर राहिला होता, तसंच हे.

आजी 2019 ला गेली. परत रेकॉर्ड करायचं राहून गेलं. ते कार्ड अजून माझ्या पाकिटात आहे.

म्हणून दुकानात मी एक एक फाइल बघत होतो. रेकॉर्डिंग झालं त्याच रात्री मी त्यातला एक तुकडा कापून घरच्या ग्रुपवर टाकला होता, एवढं आठवत होतं. पण माझा फोन गेला, ग्रुपवर इतरांनी जागेसाठी कधीच सगळं उडवलेलं. रात्री साडेनऊच्या सुमारास डाउनलोड्सच्या तळाशी 2017 च्या तारखेची एक ऑडिओ फाइल दिसली. नाव काही नाही, नुसती तारीख. दादानं तेव्हा दुकानाच्या पीसीवर व्हॉट्सॲप वेब लावलेलं असायचं, त्यातून कधीतरी उतरली असेल. लावली. तीन मिनिटं चाळीस सेकंद. आजीचा आवाज. मागं कोंबडा ओरडतोय.

दादा काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "पुन्हा लाव."

पाऊण तासातली साडेतीन मिनिटं. कोठीमागची गोष्ट त्यात नाही. ती आता मी सांगतोय तेवढीच उरली. पण साडेतीन मिनिटं आहेत. ती डी वर ठेवली, माझ्या लॅपटॉपवर घेतली, क्लाउडवर टाकली, आणि काकूच्या फोनवर पण दिली. आणि प्रत्येक ठिकाणी उघडून, वाजवून बघितली.

तर मंडळी, एवढंच सांगायचं होतं. बेल लॅब्जपासून तुमच्या फोनपर्यंत सगळ्यांनी एकच केलं, जागा संपली की सामान हलवलं आणि जुन्या जागी पाटी लावली. तुम्ही पण खुशाल करा. सी मोकळी होईल, मशीन पळेल. पण हलवलेली वस्तू एकच असते, ती फक्त दुसरीकडं असते. डी ची डिस्क बंद पडली तर पाटी काही कामाची नाही. त्यामुळं हलवायच्या आधी दोन गोष्टी विचारा. याची दुसरी प्रत कुठं आहे? आणि ती उघडायला लागणारी किल्ली, फॉन्ट, पासवर्ड, प्रोग्राम, जे काय असेल ते कुणाकडं आहे?

आज रात्री कॉल रेकॉर्डिंग, व्हॉइस नोट असं काही घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं फोनमध्ये असेल तर ते शोधा. आधी एक प्रत दुसरीकडं ठेवा, वाजवून बघा. स्टोरेज नंतर साफ करा. आणि रेकॉर्ड केलंच नसेल, तर या रविवारी करा.

भेटू पुढच्या भागात.